पापाच्या शंकेचा मंत्रचळ: उपचारात धर्मगुरूंची साथ कशी घ्यावी

वेंगुर्ले-मालवण भागातील कॅथलिक रुग्णांमध्ये ही तक्रार मला अनेकदा दिसते. कुमसार (फादरांपुढे दिलेली पापांची कबुली) आटोपून माणूस चर्चच्या पायऱ्या उतरतो आणि फाटकापर्यंत पोहोचण्याआधीच ‘एक पाप सांगूचा रवला तर?’ या शंकेने माघारी फिरतो. घरी रोजरी (जपमाळेवरची प्रार्थना) म्हणताना लक्ष जरा ढळले, की पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरुवात होते. याचे भक्ती म्हणून कौतुक करू नये आणि अंधश्रद्धा म्हणून हिणवूही नये. हा बहुधा मंत्रचळ, म्हणजे ओसीडी असतो: नको असलेली शंका मनात पुन्हा पुन्हा येते आणि ती शमवण्यासाठी तीच कृती पुन्हा पुन्हा करावीशी वाटते, असा हा मानसिक आजार.

प्रथम येल-ब्राउन मापनपट्टीने तीव्रता नोंदवावी. खऱ्या पश्चात्तापामागे घडलेली कृती असते आणि क्षमा मिळाल्यावर तो निवतो. मंत्रचळाला नुसते ‘कदाचित’ पुरते आणि क्षमेनंतरही तो घटकाभरच शांत राहतो.

मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी 1966 मध्ये मांडलेल्या उपचाराचे सूत्र असे, की शंकेला सामोरे जायचे, पण तिच्यापायी होणारी कृती रोखायची. येथेच धर्मशास्त्राची गरज लागते, कारण ती कृती थांबवणे हेच रुग्णाला पाप वाटते आणि ते पाप नाही हे सांगण्याचा अधिकार मानसशास्त्रज्ञाचा नाही. म्हणून रुग्णाची लेखी संमती घेऊन त्याच्या फादरांना भेटावे. कुमसारात काय ऐकले हे मात्र कधीही विचारू नये. ते गुपित त्यांना कोणत्याही कारणाने उघड करता येत नाही. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचा दाखला या भेटीत फार उपयोगी पडतो. 1522 मध्ये स्पेनमधील मान्रेसा येथे ते याच शंकांनी इतके पोळले, की जीव देण्याचे विचार त्यांच्या मनात आले. जुनी पापे पुन्हा न सांगण्याचा निश्चय केल्यावर त्यांची सुटका झाली. कुमसार एकाच फादरांकडे, ठरलेल्या दिवशीच व्हावा आणि क्षमा झालेले पाप पुन्हा सांगू नये, हे फादरांनी स्वतःच्या तोंडून सांगावे.

सरावात श्रद्धेचा अवमान होईल असे काहीही करायला लावू नये. लक्ष ढळलेली रोजरी तशीच पूर्ण करून माळ ठेवून देणे, एवढा सराव सुरुवातीला पुरेसा अवघड असतो. त्रास तीव्र असल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडून औषध सुरू करावे. जीव देण्याचे विचार असल्यास सत्राची वाट न पाहता त्यांच्याकडे न्यावे आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक घरच्यांना द्यावा.

घरच्यांनाही तयार करावे लागते. ‘आई, हे पाप आहे का?’ या प्रश्नाला दर वेळी ‘नाही रे बाबा’ म्हणणारी आई नकळत मंत्रचळच पोसत असते. तिने मायेने, पण एवढेच म्हणावे, की याचे उत्तर आज शोधायचे नाही असे आपण ठरवले आहे.