फॉर्म अर्ध्यावर का सुटत होता?

आमच्या ॲपमधला नोंदणीचा फॉर्म बरेच जण पत्त्याच्या पानावरच सोडून द्यायचे. गळती कुठे होते ते आकडेवारीत दिसत होतं, का होते ते नाही. मीटिंगमध्ये मात्र बटणाच्या रंगावरून वाद रंगायचे.

शेवटी ॲप कधीच न पाहिलेल्या चार-पाच जणांना बसवलं. 'नोंदणी करा आणि मनात येईल ते बोलत राहा', एवढंच सांगितलं. मदत करायची नाही. (गप्प बसणं हेच सगळ्यात अवघड!) पत्ता टाइप करायला कीबोर्ड उघडला की 'पुढे' बटण त्याखाली झाकलं जायचं. एक बाई स्क्रीनवर बोट फिरवत म्हणाल्या, "हँग झालं का हे?" आणि बॅक दाबलं. भरलेलं सगळं पुसलं गेलं.

बटण कीबोर्डच्या वर आणलं, मागे गेलं तरी माहिती टिकेल असं केलं. मग नवी माणसं बसवली, तेव्हा त्या पानावर कुणीच अडलं नाही.

एवढी कमी माणसं पुरतात? ॲप-सॉफ्टवेअर वापरायला किती सोपं आहे याचा अभ्यास करणारे संशोधक नील्सन आणि लँडावर यांच्या १९९३ च्या सूत्रानुसार एकाच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के अडचणी सापडतात, पाच जणांत साधारण ८५ टक्के. मात्र विक्रेते आणि ग्राहक असे वेगळे गट असतील, तर दोन्हीकडची माणसं घ्यावी लागतात.