जुन्या मोटारसायकलसाठी पूर्ण फेअरिंग निवडताना

जुन्या मोटारसायकलवर पूर्ण फेअरिंग, म्हणजे वारा कापण्यासाठी पुढून आणि बाजूंनी बसवायचे कवच, चढवायचे ठरले की बहुतेक जण आधी आकार पाहतात, मग रंग ठरवतात, आणि ते आपल्या गाडीला बसेल का हा प्रश्न फायबरचा खोका दारात येऊन पडल्यावर विचारतात. हा क्रम उलटा हवा. आपली गाडी कोणत्या काळातील आहे, तिचे इंजिन कसे थंड होते, आपण तिच्यावर कसे बसतो आणि हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळल्यावर पुढे किती जागा उरते, या चार गोष्टी आधी ठरल्या की बाजारातील निम्म्याहून अधिक फेअरिंग आपोआप बाद होतात आणि उरलेल्यांतून निवड करणे सोपे जाते.

पूर्ण फेअरिंगने मिळते काय, हे आधी स्पष्ट असावे. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो कापण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे ताशी ८० किलोमीटरवरून १०० वर जाताना केवळ हवेसाठी लागणारी शक्ती जवळजवळ दुप्पट होते. मात्र ताशी ५०-६० च्या वेगाने रविवारी फिरणाऱ्या जावाला किंवा बुलेटला या गणिताचा फारसा उपयोग नाही. तिथे फेअरिंग हे रूपासाठी किंवा पावसा-वाऱ्यापासूनच्या आडोशासाठीच असते, आणि तसे मोकळेपणाने मान्य केले तर निवडही प्रामाणिक होते. रूपासाठीच बसवायचे असेल, तर इंजिनाचा जीव घुसमटेल असा आकार घेण्याचे काही कारण उरत नाही.

काळाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण चुकीच्या दशकाचे फेअरिंग जाणकाराच्या नजरेला लगेच खटकते. १९५० च्या दशकात युरोपातील शर्यतींत पुढचे चाक पूर्णपणे झाकणारे, पिंपासारखे गोलसर फेअरिंग प्रचलित होते. त्याला डस्टबिन म्हणतात. इटलीत कोमो सरोवराकाठच्या मांदेल्लो देल लारिओ येथे मोटो गुझ्झी या मोटारसायकल कंपनीने स्वतःचा वातबोगदा (कृत्रिम वारा सोडून आकार तपासण्याची जागा) उभारून असे आकार तपासले होते. सरळ रस्त्यावर ते अतिशय वेगवान ठरले, पण आडव्या वाऱ्यात घातक होते; चाकाच्याही पुढे पसरलेल्या मोठ्या पृष्ठभागावर बाजूने वारा आदळला की गाडीचे तोंड वाऱ्याबरोबर ढकलले जाई. आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने १९५७ च्या अखेरीस त्यावर बंदी घातली आणि १९५८ च्या हंगामापासून पुढचे चाक उघडे ठेवणारे, डॉल्फिनच्या तोंडासारखे निमुळते फेअरिंग रूढ झाले. आज कोणी १९६० नंतरच्या गाडीवर डस्टबिन बसवू पाहत असेल, तर ते इतिहासाला धरून नाही आणि सुरक्षितही नाही. घाटातल्या वळणावर डोंगराची आड संपून दरीकडचा वारा अचानक अंगावर येतो, किंवा समोरून भरधाव एसटी जाते, तेव्हा त्या मोठ्या नाकाचा अर्थ हातांना कळतो.

रोजच्या रस्त्यासाठीच्या फेअरिंगची परंपरा वेगळी आहे, आणि माझ्या मते जुन्या गाडीच्या मालकाने शर्यतीच्या परंपरेपेक्षा तिच्याकडे अधिक पाहावे. इंग्लंडमधील रेडिचच्या रॉयल एनफील्डने १९५० च्या दशकाच्या अखेरीस ‘एअरफ्लो’ नावाचे फायबरचे कवच कारखान्यातूनच बसवून देण्यास सुरुवात केली होती. त्याचा उद्देश हात आणि पाय थंडी-पावसापासून झाकण्याचा होता. अमेरिकेत क्रेग व्हेटर यांनी १९७० च्या दशकात लांबच्या प्रवासासाठी बनवलेले ‘विंडजॅमर’ हँडलऐवजी चेसीला पकडणारे होते, त्यामुळे त्याचा भार हँडलवर येत नसे. १९७६ साली बीएमडब्ल्यूने आर १०० आरएस हे मॉडेल कारखान्यातूनच पूर्ण फेअरिंगसह आणले. त्याचा आकार पिनिनफरिना या इटालियन रचना-कंपनीच्या वातबोगद्यात ठरवण्यात आला होता. त्या गाडीकडे पाहताना एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी. तिच्या इंजिनाचे दोन्ही सिलिंडर कवचाबाहेर, थेट वाऱ्यात ठेवलेले आहेत. इंजिन हवेने थंड होणारे असेल तर चांगला रचनाकार आधी सिलिंडरची सोय पाहतो, हे तिच्यावरून शिकण्यासारखे आहे.

आपल्याकडील जुन्या गाड्या जवळजवळ सर्वच हवेने थंड होणाऱ्या आहेत, म्हणून हा मुद्दा थोडा विस्ताराने पाहू. फेअरिंगच्या पुढच्या तोंडातून हवा आत येणे पुरेसे नसते. ती सिलिंडरभोवतीच्या पातळ धातूच्या पंखांमधून (फिनमधून) जाऊन मागे बाहेर पडली पाहिजे. बाहेर पडण्याची वाट आत येण्याच्या वाटेपेक्षा मोठी हवी, कारण तापलेली हवा फुगते आणि वाट अरुंद असेल तर आतच कोंडते. समोरून पाहिल्यावर सिलिंडर आणि हेड स्पष्ट दिसत नसतील, किंवा बाजूचे पत्रे इंजिनाच्या मागपर्यंत बंद असतील, तर ते फेअरिंग महाराष्ट्राच्या एप्रिल-मेसाठी नाही असे समजावे. टू-स्ट्रोक गाडीत धोका अधिक. एस्कॉर्ट्सने येथे बनवलेल्या आरडी ३५० सारख्या ३४७ सीसीच्या जोड-सिलिंडर इंजिनात तापमान थोडे चढले तरी पिस्टन सीझ होण्याची, म्हणजे सिलिंडरमध्येच अडकून बसण्याची, भीती असते. कार्ब्युरेटरचाही विचार करावा. फेअरिंगच्या आत हवेचा दाब बदलला की हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी असलेले, होऊ शकते, आणि पातळ मिश्रण उष्णता आणखी वाढवते. म्हणून बसवण्यापूर्वी एका ठरावीक रस्त्यावर, ठरावीक वेळी, ठरावीक वेगाने गाडी चालवून लगेच इन्फ्रारेड थर्मामीटरने प्लगच्या बुडाजवळचे तापमान मोजून लिहून ठेवावे आणि प्लगचा रंगही पाहावा. बसवल्यानंतर तोच रस्ता, तोच वेग, तीच वेळ धरून पुन्हा मोजावे. फरक मोठा आला किंवा प्लग पांढरट पडला, तर बाजूला झरोके कापावेत किंवा खालचा भाग काढून अर्धे फेअरिंग ठेवावे. खालचा भाग वेगळा सुटणारे, दोन-तीन तुकड्यांचे फेअरिंग घ्यावे असे मी सुचवतो त्याचे पहिले कारण हेच.

दुसरे कारण किकचे. जावा आणि येझदीत डाव्या बाजूची गिअरची दांडीच आत दाबून वर फिरवली की किक होते, आणि किक मारताना तो पाय मोठी कमान घेत मागे खाली येतो. मी पहिल्यांदा येझदीवर फेअरिंग चढवले तेव्हा उजव्या बाजूचा सायलेन्सर आणि हँडल यांचीच मापे घेतली होती. पहिल्याच किकेला बुटाची टाच डाव्या पत्र्यात घुसली आणि फायबरला हातभर चीर गेली. दोष माझाच होता. मधला स्टँड, साइड स्टँड, ब्रेकचा पाय, ऑइल काढण्याचा बोल्ट आणि प्लग बदलण्याची जागा, हे सगळे पूर्ण फेअरिंग खाऊन टाकू शकते. प्लग काढायला दहा बोल्ट सोडावे लागत असतील तर वर्षभरात ते फेअरिंग माळ्यावर जाईल.

मापे घेण्याची पद्धत साधी, पण नेटाने करण्याची आहे. प्रथम गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून हँडल डावीकडे आणि उजवीकडे शेवटपर्यंत फिरवावे. लीव्हर, आरसे, केबल आणि मूठ धरलेला अंगठा कुठपर्यंत जातो त्याच्या खुणा कराव्यात. प्रत्येक ठिकाणी किमान २५ मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे, कारण गाडी धावताना फेअरिंग हलते. त्यानंतर पुढचे शॉकअप मजबूत पट्ट्याने पूर्ण दाबून ठेवून चाक आणि मडगार्ड वर कुठे येतात ते पाहावे. फोर्क दबलेला असताना हँडल वळवून पाहणे बहुतेक जण विसरतात आणि नेमके खड्ड्यातल्या वळणावर मडगार्ड फायबरला घासते. मग इंजिनाची सर्वांत रुंद जागा, सायलेन्सरच्या वळणाची रुंदी, टाकीच्या पुढच्या कडेपासून कोनसेटच्या (हँडल जिच्यात फिरते त्या) नळीपर्यंतचे अंतर आणि चाकापासून सायलेन्सरपर्यंतची जागा टिपावी. या मापांवरून जाड पुठ्ठ्याचा आणि तारेचा कच्चा सांगाडा चिकटपट्टीने गाडीवर उभा करावा. पुठ्ठ्याच्या या फेअरिंगवर बसून पाहिले की पैसे देण्यापूर्वीच निम्म्या चुका दिसतात.

बसण्याची ढब हा त्यातलाच प्रश्न आहे. डॉल्फिन फेअरिंग क्लिपऑन हँडल (फोर्कच्या नळ्यांना पकडणाऱ्या खालच्या दोन सुट्या मुठी) आणि मागे सरकवलेल्या फूटरेस्टसह, टाकीवर वाकून बसणाऱ्या चालकासाठी घडवलेले असते. उंच हँडल ठेवून ताठ बसले तर काचेच्या कडेवरून सुटलेला वाऱ्याचा झोत थेट छातीवर किंवा हेल्मेटवर येतो आणि तासाभरात मान अवघडते. काच कधीही इतकी उंच नसावी की रस्ता तिच्यातूनच पाहावा लागेल. पावसात आणि समोरच्या गाडीच्या दिव्यात ओरखडलेल्या काचेतून काही दिसत नाही. वाऱ्याचा झोत नेमका कुठे सुटतो ते पाहण्यासाठी काचेला आणि बाजूच्या पत्र्यांना लोकरीचे लहान दोरे चिकटवून मित्राला दुसऱ्या गाडीवरून पाहायला सांगावे. क्लिपऑनसाठी कंबर तयार आहे का, हे मात्र ज्याचे त्यानेच ठरवायचे.

साहित्यात तीन पर्याय असतात. हाताने ठोकलेला अ‍ॅल्युमिनिअमचा पत्रा १९५० च्या दशकातील गाडीला शोभतो, पण तो घडवणारा कारागीर मिळणे कठीण आणि महाग. एबीएस प्लास्टिक नव्या गाड्यांसाठी ठीक आहे; साचा बनवण्याचा खर्च पाहता एका जुन्या गाडीसाठी ते परवडत नाही. म्हणून बहुतेकांसाठी फायबरच उरते. पॉलिएस्टर रेझिनमधील ४५० ग्रॅमच्या (दर चौरस मीटर) काचतंतूंच्या मॅटचा एक थर साधारण १ मिलिमीटर जाडी देतो. दोन थरांनी २ मिलिमीटर होतात, आणि बोल्टच्या जागी तिसरा-चौथा थर असलाच पाहिजे. घेताना आतली बाजू पाहावी, कारण बाहेरचा जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, सगळे लपवतो. आत कोरडे पांढरे धागे दिसत असतील तर रेझिन नीट मुरलेले नाही; बोटाने टकटक केल्यावर एखादी जागा पोकळ वाजत असेल तर तिथे हवा अडकलेली आहे. पूर्ण फेअरिंग, काच आणि ब्रॅकेट मिळून ५ ते ८ किलो वजन सहज होते. काच अ‍ॅक्रिलिकची असेल तर ओरखडे कमी पडतात पण अपघातात ती तुकडे होऊन फुटते. पॉलिकार्बोनेट फुटत नाही पण पेट्रोलच्या स्पर्शाने तडकते, म्हणून ती साबणाच्या पाण्यानेच पुसावी.

ब्रॅकेटसाठी चेसीला भोक पाडू नये आणि वेल्डिंगही करू नये. नळीला पकडणारे क्लॅम्प वापरावेत. कोनसेटजवळची मुख्य पकड ताठ ठेवावी आणि इतर जागी रबर बुश व मोठे वॉशर वापरावेत, कारण एका सिलिंडरच्या गाडीचा थरकाप ताठ बसवलेल्या फायबरला बोल्टभोवती ताऱ्यासारख्या चिरा पाडतो. हँडलला बांधलेले मोठे फेअरिंग तर नकोच.

क्लॅम्पचा आग्रह कायद्यासाठीही आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि नियमबाह्य बदलासाठी कलम १८२अ अन्वये प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात जपलेली दुचाकीच ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते; नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये शुल्क आहे. आपण सहजपणे विंटेज म्हणतो ती १९८० च्या दशकातील आरडी ३५० या व्याख्येत अजून बसत नाही. ज्यांची गाडी बसते, त्यांनी नोंदणीच्या तपासणीआधी फेअरिंग उतरवून मूळ हेडलाइट, मूळ ब्रॅकेट आणि मूळ हँडल पुन्हा लावता येतील अशी व्यवस्था ठेवावी आणि काढलेला एकही सुटा भाग भंगारात देऊ नये. रस्त्यावर चालवण्यापूर्वी आपल्या आरटीओकडे लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीला कळवावे. पुढची नंबर प्लेट, इंडिकेटर आणि हेडलाइट फेअरिंगने झाकले जाऊ नयेत, हे वेगळे सांगायला नको.

बसवून झाल्यावर पहिले १०० किलोमीटर हळू आणि वारा नसलेल्या सकाळी चालवावी. प्रत्येक नट-बोल्टावर रंगाची आडवी रेघ ओढून ठेवली तर सैल झालेला बोल्ट नजरेनेच ओळखता येतो. पावसाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी खालचा भाग उतरवून आत साचलेला चिखल धुवावा, नाहीतर चेसीच्या खालच्या नळ्या आतून-बाहेरून गंजतात. फायबरला बारीक चीर दिसली तर तिच्या टोकाला ३ मिलिमीटरचे भोक पाडावे म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग आतल्या बाजूने घासून मॅटचे दोन थर द्यावेत आणि रेझिन पूर्ण वाळेपर्यंत, निदान एक दिवस, गाडीला हात लावू नये.