एअर पिस्तुलाच्या ग्रिपला खरखरीतपणा कुठे द्यायचा, कसा द्यायचा

नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत मी फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न बनवतो. नेमबाजी करणारी मुलं एअर पिस्तुलाच्या ग्रिप, म्हणजे मुठी, घेऊन येतात, ती बहुतेक एकच मागणी घेऊन: ‘काका, हात घसरतोय, सगळीकडून खरखरीत करून द्या.’ सगळीकडून मी कधीच करून देत नाही. खरखरीतपणा पिस्तूल आवळून धरण्यासाठी नसतो. प्रत्येक शॉटला हात त्याच जागी बसलाय की नाही, हे कातडीला कळावं म्हणून तो असतो. दहा मीटरच्या पात्रता फेरीत 75 मिनिटांत 60 शॉट मारायचे असतात, आणि साठाव्या शॉटलाही पकड पहिल्यासारखीच हवी. पूर्ण ग्रिप खरखरीत केली, तर एक जागा दुसरीपासून वेगळी लागणार कशी?

हे सगळं एअर पिस्तुलाबद्दल आहे. परवान्याच्या अग्निशस्त्राच्या फ्रेमला घरी हत्यार लावू नका, ते काम परवानाधारक गनस्मिथचं. आणि एअर पिस्तूल असलं तरी आधी आत पेलेट (छोटी गोळी) नाही याची खात्री करा, हवेचा सिलिंडर काढा, एलन कीनं ग्रिप सोडवा आणि पिस्तूल पेटीत ठेवून द्या. बऱ्याच मॅच पिस्तुलांच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाब असतो. त्याच्या शेजारी हातोडी चालवायची नाही.

हत्यार उचलण्यापूर्वी हात कुठे टेकतो ते शोधायचं. ग्रिपवर टाल्कम पावडरचा पातळ थर द्या, ती पिस्तुलाला पुन्हा बसवा (सिलिंडर न लावता), नेहमीसारखं धरा, नेम घ्या, सोडा. पावडर जिथून पुसली गेली तिथे हात दाबतो. जिथे तशीच राहिली तिथे पोकळी आहे, आणि तिथे टिपके, म्हणजे खरखरीतपणासाठीचे बारीक खड्डे, पाडून काही उपयोग नाही. ही तपासणी सराव संपल्यावर करा, कारण गरम झालेला हात किंचित फुगलेला असतो. सकाळच्या गार हातावर बेतलेली ग्रिप एप्रिलच्या दुपारी आवळते.

माझ्या मते खरखरीतपणा दोनच जागी हवा. एक, पुढच्या बाजूला, जिथे मधलं बोट आणि अनामिका पिस्तूल सरळ मागे ओढतात. दुसरी, तळहाताच्या गादीखाली. अंगठा आणि तर्जनीच्या बेचकीत लाकूड गुळगुळीतच ठेवा. तिथली कातडी पातळ असते, लगेच सोलवटते, आणि हात वर सरकून नीट बसायलाही गुळगुळीत जागा लागते. तर्जनीनं ट्रिगरशिवाय कशालाच शिवू नये. तिथे लाकूड लागत असेल तर ते कमी करा.

आकारच चुकला असेल तर आधी तो भरून घ्या. दोन भागांची इपॉक्सी पुट्टी, म्हणजे एम-सीलसारखी, किंवा अरल्डाइटमध्ये लाकडाचा बारीक भुसा कालवून लावा. पुट्टी मऊ असतानाच गोणपाटाच्या तुकड्याला पावडर लावून तिच्यावर दाबला की विणीचा ठसा उमटतो. तोच झाला खरखरीतपणा. रात्रभर वाळू द्या, बोचणारी टोकं 120 नंबरच्या पॉलिशपेपरनं मारा.

नुसतं करून बघायचं असेल तर टेप. जिन्याच्या पायऱ्यांना लावतात ती अँटी-स्किड टेप रविवार कारंजाच्या आसपास हार्डवेअरच्या दुकानांत मिळते, पण ती हाताला फार जहाल असते. दोन तुकडे एकमेकांवर घासून तिची धार मारा. नवख्या मुलाच्या पालकांना मी आधी हेच सांगतो: महिनाभर टेप लावू द्या, जागा पक्की होऊ द्या, मग लाकडाला हात लावू.

लाकडाचं खरं काम पंचानं होतं. अक्रोडाच्या ग्रिपवर यासारखं दुसरं काही नाही. जाड पोलादी खिळा किंवा जुना सेंटर पंच घ्या, टोक ग्राइंडरवर बोथट शंकूसारखं करा. सुईसारखं टोक लाकूड फाडतं. जागेवरचं वॉर्निश पॉलिशपेपरनं उतरवा आणि कडेनं पेन्सिलीची रेघ ओढा. ग्रिप कापडात गुंडाळून व्हाइसमध्ये हलकेच धरा. लहान हातोडी, मनगटातून एकच ठोका. आधी रेघेलगतची ओळ पूर्ण करा, मग आतला भाग भरा. टिपक्यांत मिलिमीटर-दीड मिलिमीटर अंतर ठेवा, खोली अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. आत मात्र ओळीनं ठोकू नका, विखरून ठोका. एकाच रेषेत ठोकलं तर रेषेच्या दिशेनं ढलपी निघते. दमलात की थांबा. दमलेल्या हाताचे टिपके लगेच ओळखू येतात.

ड्रेमेलसारख्या हातात धरायच्या फिरत्या यंत्रावर गोल बर (कोरायचं टोक) लावून हेच पटकन होतं. यंत्र निसटलं तर मात्र चर पडतो, आणि मास्क न लावता ही धूळ छातीत घेऊ नये. आडव्या-तिडव्या रेषांचं चेकरिंग दिसायला देखणं असतं, पण वळणदार ग्रिपवर ते कसबी माणसाकडूनच करून घ्या.

ग्रिप प्लॅस्टिकची असेल तर सोल्डरिंग आयर्नच्या टोकानं टिपके पाडता येतात. आधी तशाच प्लॅस्टिकच्या टाकाऊ तुकड्यावर हात बसवा, खिडकी उघडी ठेवा, टोक क्षणभरच टेकवा. पातळ भिंतीवर जास्त वेळ टेकलं तर आरपार भोक पडतं.

लाकडावर टिपके पाडून झाले की वॉर्निश नको, ते खड्डे भरून टाकतं. ‘बॉइल्ड लिनसीड ऑइल’ म्हणून मिळणारं जवसाचं तेल पातळ लावा, पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसा, दोन-तीन दिवस वाळू द्या. तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. उघड्यावर पसरून वाळवा, मगच फेका. हे काम शक्यतो कोरड्या दिवसांत उरका, आपल्याकडच्या श्रावणातल्या दमटपणात तेल वाळता वाळत नाही आणि लाकूडही फुगलेलं असतं.

पुट्टी चढवली असेल तर स्पर्धेआधी मापं घ्या. 10 मीटर एअर पिस्तूल 420 × 200 × 50 मिलिमीटरच्या मापाच्या पेटीत बसलं पाहिजे आणि वजन 1500 ग्रॅमच्या आत हवं. पाम रेस्टच्या, म्हणजे तळहाताची कड टेकते त्या ग्रिपच्या खालच्या फळीच्या, बाजूला पुट्टी वाढली की आधी ती 50 ची रुंदीच अडते. पाम रेस्टची कड वर वळवून हाताला कवटाळेल असं काही करू नका, नियमात ते बसत नाही. मनगटही मोकळं दिसलं पाहिजे.

घामाचा मळ टिपक्यांत साचून ग्रिप पुन्हा गुळगुळीत होते. आठवड्याला कोरड्या टूथब्रशनं घासत जा. त्यानं भागलं नाही तर ब्रश थोडा स्पिरिटमध्ये बुडवून घासा आणि त्या जागी तेलाचा एक हात पुन्हा द्या.