गेटवर अंडी, डब्यात पैसे: इंग्लंडच्या खेड्यात ऑनेस्टी बॉक्स कसा लावायचा

इंग्लंडच्या खेड्यांतून गाडीने जाताना कुणाच्यातरी गेटपाशी एक लाकडी खोकं दिसतं, आत अंड्यांचे डबे, बाजूला पैसे टाकायची पेटी आणि विकणारं माणूस मात्र कोणीच नाही. याला इकडे ऑनेस्टी बॉक्स म्हणतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी आधी इकडेतिकडे बघितलं, कोणी बघतंय का म्हणून, मग स्वतःचीच लाज वाटली आणि २ पौंड टाकले. घरी येऊन आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "कोंबड्यापण तशाच सोडून गेलेत का?" आता चार वर्षं आमच्याच गेटवर तसलं खोकं आहे, आणि इकडे राहायला आलेले आपले लोक विचारत असतात म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

कोंबड्या आणायच्या आधी घराची कागदपत्रं वाचा. बऱ्याच नव्या सोसायट्यांच्या डीडमध्ये कोंबड्या पाळायच्या नाहीत अशी अट असते, आणि भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारा. अलॉटमेंटवर, म्हणजे कौन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) भाजी लावायच्या जमिनीच्या तुकड्यावर, १९५० च्या कायद्याने कोंबड्या पाळता येतात पण कोंबडा नाही, आणि धंद्यासाठी तर नाहीच. (अंड्यांसाठी कोंबडा लागतो का, हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. नाही लागत. पिल्लं हवी असतील तर लागतो, आणि शेजाऱ्यांशी भांडण हवं असेल तर.)

मग नोंदणी. १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये एक कोंबडी असली तरी सरकारी पशुआरोग्य संस्थेकडे, एपीएचएकडे, नोंद करावी लागते. पूर्वी ही सक्ती ५० किंवा त्याहून जास्त पक्षी असतील तरच होती, त्यामुळे जुने लोक अजूनही "काही लागत नाही" म्हणतात, त्यांचं ऐकू नका. शिवाय कौन्सिलच्या एन्व्हायर्नमेंटल हेल्थवाल्यांना एक ईमेल टाका की मी अशी अशी गेटवर अंडी विकणार आहे, तुमच्याकडून काही लागतं का.

आणि आपल्याला सगळ्यात विचित्र वाटणारा नियम: उरलेला भात, पोळीचे तुकडे, भाजीची देठं, जे गावाकडे सरळ कोंबड्यांपुढे टाकतात, ते इकडे घालायचं नाही! स्वयंपाकघरातून गेलेलं काहीही बेकायदेशीर, घर पूर्ण व्हीगन, म्हणजे दूधदुभतंही नसलेलं, असेल तरच चालतं. बागेतून थेट तोडलेली पालकाची पानं चालतात, तीच पानं किचनमधून फिरून आली की नाही चालत. मलापण पटायला वेळ लागला, पण जनावरांचे रोग असेच पसरतात म्हणून आहे ते.

आता हिशोब. माझ्या सहा कोंबड्या, वसंतात दिवसाला पाचेक अंडी, आठवड्याला ३५ च्या आसपास, त्यातली दहा-बारा घरात जातात, म्हणजे विकायला सहाचे चार डबे धरा. एक कोंबडी दिवसाला साधारण १२० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे २० किलोची गोणी महिनाभर जेमतेम पुरते. चार डब्यांचे ८ पौंड. गोणी निघते, भुसा निघतो, वर थोडं उरतं, श्रीमंत कोणी होत नाही. टॅक्सची भीती नको, अशा छोट्या धंद्याची वर्षाला १००० पौंडांपर्यंतची मिळकत ट्रेडिंग अलाउन्समध्ये, म्हणजे करमाफीच्या मर्यादेत, बसते, फक्त दुसरा साइड बिझनेस असेल तर तोपण त्यातच मोजायचा.

अंडी रोज गोळा करा आणि धुवू नका. आपल्याला सगळं धुवायची सवय, पण कवचावर एक नैसर्गिक थर असतो, पाण्याने तो जातो आणि घाण बारीक छिद्रांतून आत शिरते. त्यापेक्षा अंडी घालायच्या जागेतला पेंढा वेळच्या वेळी बदला. शीट लागलेलं किंवा तडकलेलं अंडं घरच्या ऑम्लेटला. डब्यावर पेन्सिलने तारीख घाला, बेस्ट बिफोर जास्तीत जास्त अंडं घातल्या दिवसापासून २८ दिवस. डबे साधे कोरे घ्या, सुपरमार्केटचे छापील डबे वापरू नका. "लार्ज", "मीडियम" असं काही लिहू नका, आपण गेटवर विकतो ती ग्रेडिंग न केलेली अंडी असतात. हीच अंडी गावातल्या दुकानाला किंवा कॅफेला द्यायची म्हटली की वेगळे नियम लागू होतात, त्यात पडू नका.

इथे एक गोष्ट सांगते. मागच्या उन्हाळ्यात आमची एक तलंग कुंपणाखाली जाऊन गुपचूप घालत होती, एकदम १४ अंडी सापडली. पाण्यात टाकली तर सगळी खाली आडवी पडली, म्हणजे ताजीच असणार, नवरा म्हणाला ठेव की खोक्यात. पण मला त्यांची तारीख माहीत नव्हती, आणि तरंगतं की बुडतं यावरून फक्त शिळेपणा कळतो, जंतू कळत नाहीत. गिऱ्हाईक पैसे टाकतं की नाही याची आपण केवढी काळजी करतो, पण डब्यावरची तारीख खरी आहे का हे त्या गिऱ्हाइकाला तपासता येतच नाही. ती १४ आम्ही चांगली उकडून अंडाकरीत संपवली.

दुकानातल्या बहुतेक अंड्यांवर लाल सिंहाचा शिक्का असतो, त्या कोंबड्यांना साल्मोनेलाची लस दिलेली असते. आपल्या परसातल्यांना बहुतेक वेळा नसते. म्हणून खोक्यात एक चिठ्ठी लावा: फ्रिजमध्ये ठेवा, लहान मुलं, गरोदर बायका, म्हाताऱ्यांसाठी पूर्ण शिजवा.

खोकं स्वतःच्या हद्दीत, गेटच्या आत ठेवा. रस्त्याकडेची गवताची पट्टी बहुतेक वेळा आपली नसते. तोंड उत्तरेला, वर झाकण, कारण जुलैच्या उन्हात बंद खोकं तापतं. मी जुना पिकनिकचा कूलबॉक्स लाकडात बसवलाय. गाडीला थांबायला जागा आहे का बघा, वळणावर असेल तर सोडून द्या. ३० मैलांच्या वेगाने गाडी सेकंदाला १३ मीटर जाते, त्यामुळे पाटी खोक्यावर लावून उपयोग नाही, ती आपल्याच कुंपणावर पण बरीच अलीकडे पाहिजे आणि अक्षरं मोठ्ठी, एकच शब्द पुरे.

भाव असा ठेवा की एकच नाणं लागेल. मी आधी सहाला १.७० ठेवले होते, तर कोणी दीड टाकायचं, कोणी दोन टाकून सुट्टे शोधत बसायचं. २ पौंड केल्यावर पैसे कमी पडणं जवळजवळ थांबलं. लोक चोर नसतात हो, त्यांच्या खिशात नाणीच नसतात! म्हणून क्यूआर कोडपण लावा, लॅमिनेट करून, झाकणाच्या आतल्या बाजूला, नाहीतर कोणी त्यावर स्वतःचा चिकटवून जाईल. पेटी लोखंडी, आतून बोल्ट मारलेली, आणि रोज संध्याकाळी रिकामी करायची. आमची पहिली पेटी बिस्किटाचा डबा होता, तो ६ पौंडांसकट गेला. अंडी तशीच ठेवली होती.

शरद ऋतूत पिसं झडायला लागली की अंडी कमी होतात, दिवस लहान झाला की जवळपास बंदच, त्यात एखादी खुडूक. बर्ड फ्लूचा हुकूम निघाला तर कोंबड्या आतच ठेवाव्या लागतात, २०२२ च्या नोव्हेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत तशाच होत्या. म्हणून पाटी दोन बाजूंची करा, मागे "आज नाहीत" लिहा, आणि खोकं रिकामं झालं की ती उलटवायला विसरू नका, दोनदा उगाच थांबलेला माणूस तिसऱ्यांदा थांबत नाही.