इंटरफेरॉन रिसेप्टरला लागलं की नाही, कसं तपासायचं?

इंटरफेरॉन-अल्फा (विषाणूविरोधी इशारा देणारं प्रथिन) पेशीवरच्या आपल्या रिसेप्टरला चिकटलेलं थेट दाखवणं जिकिरीचं. पेशीवर हे रिसेप्टर इतके थोडे असतात की फ्लो सायटोमेट्रीमध्ये (एकेक पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रात) सिग्नल जेमतेम दिसतो. त्यापेक्षा आतला परिणाम बघा. रिसेप्टरचे दोन भाग, आयफनार-१ आणि आयफनार-२. अल्फा आधी आयफनार-२ला घट्ट धरतं, मग आयफनार-१ला जोडीला ओढतं. दोन्ही शेजारी आले की आतल्या बाजूला बसलेली जॅक-१ आणि टिक-२ ही फॉस्फेट चढवणारी एन्झाइम जागी होतात आणि स्टॅट-१ या निरोप्या प्रथिनाच्या टायरोसीन-७०१वर (७०१व्या जागेच्या अमिनो आम्लावर) फॉस्फेट चढतो. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकाराने वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची चाचणी) तोच पकडायचा.

सहा वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये माणसाच्या हेला पेशी ७०-८० टक्के भरू द्या. ट्रिप्सिन या एन्झाइमने सोडवल्या असतील तर रात्रभर थांबा, ते पृष्ठभागावरची प्रथिनंही कुरतडतं. अल्फा १००० युनिट प्रति मिली, ३७ अंशांवर ३० मिनिटं. ते पातळ करताना सीरम किंवा ०.१ टक्का बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन) हवंच, नाहीतर निम्मा माल नळीच्या भिंतीलाच. मग प्लेट बर्फावर, थंड पीबीएसने (मिठाच्या बफरने) एक धुणं आणि लगेच पेशी फोडणारा लायसिस बफर.

बहुतेकांचा ब्लॉट फसतो तो इथे. बफरमध्ये १ मिलिमोलर ऑर्थोव्हॅनाडेट लागतो, पण पीएच १० करून पिवळा रंग जाईपर्यंत उकळलेला. पिवळाच घातला तर फॉस्फटेज (फॉस्फेट काढणारी एन्झाइम) नीट थांबत नाहीत, फॉस्फेट निघून जातो आणि दोष अँटिबॉडीवर येतो. ब्लॉकिंग (ब्लॉटची रिकामी जागा झाकणं) ५ टक्के बीएसएने, दुधाने नाही. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटवालं, पार्श्वभूमी काळी करतं.

लेनमागे २० मायक्रोग्रॅम प्रथिन पुरतं. ९१ आणि ८४ किलोडाल्टनजवळ जोडबँड दिसली तर घाबरू नका, स्टॅट-१चीच अल्फा आणि बीटा रूपं आहेत. एकूण स्टॅट-१ही दाखवा, नाहीतर फॉस्फो-बँडला अर्थ नाही.

आता खरा पेच. इंटरफेरॉन-गॅमाचा रिसेप्टर वेगळा, पण टायरोसीन-७०१ तोही पेटवतो. म्हणून नुसत्या बँडवरून रिसेप्टर ठरवू नका. एका वेलमध्ये अल्फाच्या तासभर आधी आयफनार-२ रोखणारी अँटिबॉडी घाला, दुसऱ्यात तिच्याच आयसोटाइपची (वर्गाची), पण आयफनारला न धरणारी. पहिल्यात बँड गेली, दुसऱ्यात टिकली, तर काम आयफनारचंच. जॅक रोखणारं औषध रुक्सोलिटिनिब, १ मायक्रोमोलर, फक्त जॅकचा हात दाखवतं, रिसेप्टर कोणता ते नाही.

बँडच नाही? आधी पेशी कुणाच्या ते पाहा: माणसाच्या अल्फाला उंदराच्या पेशी सहसा दाद देत नाहीत. मग घड्याळ: चार तासांनी सिग्नल बराच विझलेला असतो. आदल्या दिवशीच डोस दिलेल्या पेशीही थंड पडतात, कारण यूएसपी-१८ हे सिग्नल दाबणारं प्रथिन आयफनार-२ला धरून बसलेलं असतं.