हृदयातील साधी गाठ आणि बिघडलेला ताल : या चुका टाळा

‘गाठ साधी आहे, कॅन्सर नाही’ एवढे ऐकले की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. हृदयाच्या बाबतीत हा दिलासा अपुरा आहे, कारण येथे गाठ कशाची आहे याइतकेच ती कुठे बसली आहे यालाही महत्त्व असते. मुख्यतः लहान मुलांत आढळणारा फायब्रोमा ही अशीच एक दुर्मीळ, टणक, बहुधा एकुलती एक गाठ. ती बहुतेकदा डाव्या जवनिकेच्या (हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या) भिंतीत किंवा दोन्ही जवनिकांमधल्या पडद्यात वाढते. तिच्या कडेला तंतू आणि हृदयाचा स्नायू एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे विद्युतसंदेश तेथे अडखळतो, वळसा घालून मागे फिरतो आणि त्याच फेऱ्यात घुमत राहतो. जवनिका इतक्या वेगाने धडधडू लागतात की मेंदूपर्यंत पुरेसे रक्त पोहोचत नाही, आणि ताल सावरला नाही तर काही मिनिटांत मृत्यू ओढवतो.

सर्वांत महागात पडणारी चूक मैदानावरच होते. धावता धावता मूल कोसळते. कोणी कांदा हुंगवतो, कोणी चप्पल, आणि शुद्धीवर आल्यावर ‘उपाशी होता, ऊन लागले’ असे म्हणून विषय मिटतो. हातपाय झटकले असतील तर फिट समजून त्यावरची औषधे सुरू होतात. वास्तविक मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर तुटला तरी हातपाय झटकले जाऊ शकतात. धावताना किंवा पोहताना आलेली मूर्च्छा हृदयाची मानूनच ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि होल्टर (यंत्र अंगावर लावून दिवसभर ताल नोंदवणारी) तपासणी करून घ्यावी. एकदा काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणून थांबू नये. कोसळलेले मूल श्वास घेत नसेल तर हुंगवण्यात वेळ न दवडता छाती दाबण्यास सुरुवात करावी आणि १०८ला फोन लावावा.

इकोत पडदा जाड दिसला की तो हृदयाच्या स्नायूचा आनुवंशिक विकार समजला जाण्याचा संभव असतो. जाडी एकाच जागी असेल तर एमआरआयचा आग्रह धरावा, कारण औषध टोचून काही मिनिटांनी घेतलेल्या चित्रांत फायब्रोमा सहसा ठळकपणे उजळतो.

‘आमच्या नात्यातल्या बाळाची गाठ आपोआप विरघळली’ हा सल्ला खरा असतो, पण बहुधा दुसऱ्याच गाठीचा. ट्युबरस स्क्लेरोसिस हा जनुकीय आजार असलेल्या बाळांत दिसणारे ऱ्हॅब्डोमायोमा, म्हणजे हृदयस्नायूच्या साध्या गाठी, पुष्कळदा पहिल्या काही वर्षांत आक्रसतात; फायब्रोमा असा विरघळेल या भरवशावर राहता येत नाही. त्यामुळे तालाचा त्रास सुरू झालेल्या मुलाच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा निर्णय लांबवू नये. गाठ काढल्यावर हा त्रास बहुतेकदा थांबतो.

एव्ही नोड, म्हणजे वरच्या कप्प्यांतला विद्युतसंदेश जवनिकांकडे पोहोचवणारे केंद्र. त्यातली पुटीसारखी (द्रवाने भरलेल्या पोकळ्यांची) गाठ तर अवघी काही मिलिमीटरची असते आणि अनेकदा मृत्यूनंतरच सापडते. तिच्यामुळे हार्ट ब्लॉक होतो, म्हणजे रक्तवाहिनी तुंबत नाही, तर जवनिकांकडे जाणारा विद्युतसंदेश अडतो, परंतु पेसमेकर बसवला म्हणजे जवनिकांच्या घातक लयींपासूनही सुटका झाली, असे गृहीत धरू नये. तरुण व्यक्तीच्या आकस्मिक मृत्यूनंतर शवविच्छेदनात हृदय वरवर निरोगी दिसले, तरी त्या भागाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ही गाठ नाकारता येत नाही.