एक झाड, एक वही : मेंदूच्या निगेसाठी वर्षभराचा रियाज

गुढीपाडव्याला दरवर्षी कडुनिंबाची डहाळी आपल्या हातून जाते. तरीही ते पान आठवून काढायला सांगितले, तर बहुतेक जण मधोमध एक रेघ आणि दोन्ही बाजूंना गुळगुळीत काठांची लांबट पाने काढून मोकळे होतात. मग खरी डहाळी समोर ठेवली की दिसते, की त्या पानातल्या प्रत्येक पर्णिकेचा, म्हणजे छोट्या पानाचा, काठ करवतीसारखा दातेरी आहे, पर्णिका किंचित वाकलेली आहे आणि देठाशी तिच्या दोन बाजू सारख्या नाहीत. माझ्या आईने वयाच्या ७४ व्या वर्षी ही दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवली आणि बराच वेळ गप्प राहून म्हणाली, “अगं, इतकी वर्षं हातात होतं, पण बघितलंच नव्हतं.” वडील गेल्यापासून तिचे घराबाहेर पडणे जवळजवळ थांबले होते. ही चित्रे काढली त्या दिवसापासून, एकच झाड वर्षभर पाहत वहीत काढत राहण्याचा जो क्रम आम्ही सुरू केला, तो इथे सविस्तर मांडते आहे.

या क्रमामागचा विचार साधा आहे. हिशेब करणे, रहदारीतून वाट काढणे, फोनवरचे संदेश निस्तरणे यांसाठी लक्ष जाणीवपूर्वक रोखून धरावे लागते आणि ते लक्ष थकते. झाडाची सळसळ, पानांतून हलणारे ऊन यांत मात्र लक्ष आपसूक गुंतते आणि थकलेल्या लक्षाला विसावा मिळतो, अशी मांडणी अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रेचेल आणि स्टीफन कॅप्लन यांनी १९८९ मध्ये केली. पुढे २००८ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले, की वृक्षोद्यानातून फिरून आलेल्या लोकांना ऐकलेले आकडे उलट क्रमाने सांगणे आधीपेक्षा चांगले जमू लागले, आणि भर गावातून फिरून आल्यावर तसा लाभ दिसला नाही. चित्रकलेची बाजूही तितकीच रोचक आहे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातल्या प्रयोगांत, लिहून काढलेल्या शब्दांपेक्षा चित्र काढलेले शब्द लोकांना अधिक आठवले, आणि चित्र सुबक आहे की ओबडधोबड यावर ते अवलंबून नव्हते. चित्र काढताना त्या वस्तूच्या अर्थाचा विचार होतो, हात हलतो आणि डोळ्यांपुढे रूप उभे राहते, म्हणजे एकाच गोष्टीचा ठसा तीन वाटांनी उमटतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. म्हणूनच “मला चित्रकला येत नाही” ही अडचण इथे मुळात अडचणच नाही, हे घरातल्या ज्येष्ठांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे.

साहित्य फार नको. कोऱ्या कागदांची वही, एक २बी पेन्सिल, परीक्षेला वापरतात ते क्लिपचे पॅड आणि शक्य असल्यास घडीची खुर्ची एवढे पुरते. खोडरबर मुद्दाम घरी ठेवावे, कारण ते हाताशी असले की माणूस झाडाकडे पाहायचे सोडून कागदाशी भांडत बसतो. रंगांची घाईही करू नये. मी उत्साहाच्या भरात आईला चोवीस रंगांची पेटी आणून दिली आणि तिने दोन आठवडे वही उघडलीच नाही; इतके रंग पाहून आता काहीतरी चांगले काढून दाखवायला हवे असे दडपण तिच्यावर आले होते. पेटी कपाटात गेली तेव्हा वही बाहेर आली.

झाड निवडताना जवळीक पाहावी, दुर्मीळपणा पाहू नये. घरापासून सावकाश चालत पाच-दहा मिनिटांवर, रहदारीच्या रस्त्यापासून आत, खाली बसायला सपाट जागा असलेले आणि ऋतूंप्रमाणे ठळकपणे बदलणारे झाड असावे. कडुनिंब, पिंपळ, काटेसावर, पांगारा, बहावा आणि आपल्या राज्याचे फूल असलेले तामण, हे सगळे उत्तम. परदेशी राहणाऱ्यांनी तिथलेच झाड घ्यावे, कारण इथे सोबत रोजच्या वाटेवरच्या झाडाची हवी असते. एकदा निवडलेले झाड वर्षभर बदलू नये. दर आठवड्याला नवे झाड घेतले तर फक्त ओळख होते, आणि आपल्याला हवा असतो तो बदल टिपणारा डोळा.

प्रत्येक बैठक अर्ध्या ते पाऊण तासाची असावी आणि आठवड्यातून तीनदा व्हावी. इंग्लंडमधील सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवर आधारलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्याला किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपले आरोग्य आणि समाधान चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. तो वेळ एका दमात गेला की तुकड्यातुकड्यांत, याने फरक पडला नाही. हा संबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे, हे लक्षात ठेवूनही वेळेचा अंदाज म्हणून तो आकडा उपयोगी आहे.

बसल्यावर पहिली पाच मिनिटे पेन्सिल हातात घेऊ नये. झाडाचा कोणताही एकच भाग निवडावा, तो नीट पाहावा, मग डोळे मिटून किंवा पाठ फिरवून आठवेल तसा काढावा. त्यानंतर पुन्हा समोर पाहत दुसरे चित्र काढावे, आणि या वेळी पेन्सिलचे टोक आणि नजर एकाच वेगाने चालवावी. मुंगी पानाच्या काठावरून चालते तितक्या सावकाश. कागदाकडे जितके कमी पाहाल तितके बरे. रेषा वेडीवाकडी येते, पण ती खरी येते. शेवटी दोन चित्रांत काय वेगळे आहे ते एका वाक्यात लिहावे आणि तारीख घालावी. या सगळ्यात महत्त्वाचे काही असेल तर ते हेच वाक्य आहे, कारण आपल्या स्मरणातली चूक आपणच शोधून काढण्याचा व्यायाम त्यात होतो, आणि तो कुणी परीक्षा घेतल्यासारखा बोचत नाही.

आईने निवडले ते बहाव्याचे झाड. वैशाखात त्याचे पिवळे घोस लोंबू लागले तेव्हा तिच्या लक्षात आले, की फुले वरून उमलत येतात आणि कळ्यांचे मणी खाली टोकाशी राहतात. आठवून काढलेल्या चित्रात तिने नेमके उलटे काढले होते. एक गळलेले फूल तिने तळहातावर घेतले, पाच पाकळ्या मोजल्या आणि मग दहा पुंकेसरांतले तीन इतरांहून लांब आणि आकड्यासारखे वळलेले आहेत हे पाहून ते तीनच तिने पानभर मोठे काढले. पुढे हिरव्या शेंगा लांबत गेल्या, हिवाळ्यापर्यंत काळपट झाल्या, आणि “मागच्या वेळी ही किती होती?” असे म्हणत ती स्वतःच वहीची मागची पाने उलटू लागली.

ज्यांची स्मृती आधीच क्षीण झाली आहे, त्यांच्याबरोबर बसताना आठवून काढण्याचा भाग पूर्णपणे वगळावा. “काय आठवतंय?” हा प्रश्नच त्यांना दुखावतो. हाताला अंगवळणी पडलेली कौशल्ये अल्झायमरमध्येही तुलनेने उशिरापर्यंत टिकतात, म्हणून ज्यांनी आयुष्यभर दारात रांगोळी काढली, त्यांच्यापुढे ठिपके मांडून द्यावेत, अंगणातली फुले-पाने ठेवावीत आणि हात चालेल तसा चालू द्यावा. चुका दाखवू नयेत, आणि घाईही करू नये.

हा रियाज उपचाराची जागा घेऊ शकत नाही, हे मला ठामपणे सांगावेसे वाटते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार, स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण १४ बदलता येण्याजोग्या जोखमींशी जोडलेले आहेत. शारीरिक हालचालीचा अभाव, एकाकीपणा आणि नैराश्य यांच्यावर कुणाच्या तरी सोबतीने झाडापर्यंत चालत जाण्याचा थोडाफार परिणाम होऊ शकेल. पण रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, कमी झालेले ऐकू येणे आणि अधू नजर यांची तपासणी दवाखान्यातच करावी लागते. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, पैशांचे व्यवहार अचानक जमेनासे होणे किंवा तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जाणे दिसले, तर “वयच झालं” म्हणून सोडून न देता डॉक्टरांकडे जावे. बाहेर बसताना उन्हाची वेळ टाळावी, पाणी सोबत ठेवावे, आणि रुई किंवा कण्हेर हाताळल्यास हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नयेत.

पावसाळ्यात खंड पडतो आणि तिथेच बहुतेकांचा क्रम मोडतो. त्यासाठी आधीच ठरवून ठेवावे, की ज्या दिवशी जाता येणार नाही त्या दिवशी घरातल्या कुणीतरी त्या झाडाचे गळलेले एक पान किंवा शेंगेचा तुकडा घरी आणून खिडकीशी ठेवायचा. वही कपाटात न ठेवता दाराजवळ, छत्री टांगतो त्या खुंटीला पिशवीत अडकवून ठेवावी. आमच्याकडे ती तशीच असते, आणि पिशवी खांद्याला लागली की आई चप्पल घालते.